जुने रॅप कसे ऐकावे : नव्या श्रोत्यांसाठी एक क्रम

१९९१ नंतर महाराष्ट्रातल्या घरांत केबल आली आणि तिच्याबरोबर एमटीव्ही आला. तेव्हा शाळा-कॉलेजात असलेल्या अनेकांची रॅपशी पहिली ओळख एम. सी. हॅमरच्या ‘यू कान्ट टच धिस’ या गाण्याने झाली, आणि १९९२ मध्ये बाबा सेहगल यांचे ‘ठंडा ठंडा पानी’ गाजले. ही गाणी त्या पिढीला आजही तोंडपाठ असतात. जुन्या रॅपकडे वळू इच्छिणाऱ्या मराठी श्रोत्याने सुरुवात याच ओळखीच्या गाण्यांपासून करावी, असे मी सुचवेन. ‘ठंडा ठंडा पानी’च्या मागे व्हॅनिला आइसचे ‘आइस आइस बेबी’ (१९९०) उभे आहे आणि त्याच्याही मागे क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या ‘अंडर प्रेशर’मधली (१९८१) बास गिटारची धून आहे. हॅमरच्या गाण्याचा सांगाडा रिक जेम्सच्या ‘सुपर फ्रीक’चा, म्हणजे तोही १९८१ चाच. जुन्या रॅपमधले जवळजवळ प्रत्येक चांगले गाणे असे आणखी जुन्या गाण्याच्या आठवणीवर रचलेले असते. ज्याला आपण आज ‘जुने सोनेरी रॅप’ म्हणून हळवेपणाने आठवतो, ते घडवणारी मुलेच मुळात आपल्या आई-वडिलांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा वाजवत होती. हे ध्यानात ठेवले की ऐकण्याचा क्रम आपोआप ठरतो : आधी ठेका, मग आवाज, मग शब्द, आणि प्रत्येक टप्प्यावर एक पाऊल मागे.

काळ आणि शब्द यांची ओळख

हिपहॉप हे एका संपूर्ण संस्कृतीचे नाव आहे. तबकड्या वाजवणारा डीजे, माइकवर बोलणारा एमसी, जमिनीवर अंग घुसळून केलेला ब्रेक डान्स आणि भिंतींवर व रेल्वेच्या डब्यांवर रंगवलेली ग्राफिटी ही तिची चार अंगे मानली जातात. रॅप म्हणजे त्यातले एमसीचे काम. ‘ओल्ड स्कूल’ हा शब्द आज सरसकट कोणत्याही जुन्या गाण्याला लावला जातो. पण जाणकार तो साधारणपणे १९७९ ते १९८३ या काळातल्या ध्वनिमुद्रणांसाठी आणि त्याआधीच्या, ध्वनिमुद्रित न झालेल्या पार्ट्यांच्या काळासाठी वापरतात. १९८६ च्या आसपास सुरू होऊन नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत चाललेल्या काळाला ‘सुवर्णकाळ’ म्हणतात. या दोन्ही काळांची चव इतकी वेगळी आहे की त्यांची गाणी एकाच यादीत मिसळून ऐकल्यास नव्या श्रोत्याचा गोंधळ उडतो. म्हणून निदान सुरुवातीला तरी कालक्रम सोडू नये.

पहिली पायरी : रॅप न ऐकता केवळ ब्रेक ऐकणे

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या समाजगृहात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून एक पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असे प्रवेशमूल्य होते. तबकड्या वाजवायला तिचा मोठा भाऊ क्लाइव्ह होता. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला हा तरुण पुढे कूल हर्क या नावाने ओळखला गेला. हर्कच्या ध्यानात आले होते की नाचणारी मुले पूर्ण गाण्यासाठी थांबत नाहीत. गायन आणि इतर वाद्ये गप्प होऊन काही सेकंद केवळ ड्रम वाजतात, त्या तुकड्याची ती वाट पाहत असतात. हा तुकडा म्हणजे ब्रेक. हर्कने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर, ठेवून एकीवरचा ब्रेक संपताच दुसरीवरचा सुरू करायचे तंत्र काढले आणि काही सेकंदांचा तुकडा हवा तितका वेळ चालू ठेवला.

नव्या श्रोत्याने पहिला आठवडा यावरच घालवावा. इन्क्रेडिबल बाँगो बँडचे १९७३ चे ‘अपाची’ लावावे. ही धून मुळात ब्रिटिश वाद्यवृंद द शॅडोजने १९६० मध्ये लोकप्रिय केली होती. पण १९७३ च्या आवृत्तीत बाँगो आणि ड्रम यांची जी जुगलबंदी आहे, तिच्यामुळे ब्राँक्समध्ये ती डीजेंची लाडकी तबकडी झाली. त्यानंतर जेम्स ब्राऊनचे ‘फंकी ड्रमर’ ऐकावे. लांबलचक चालणाऱ्या या गाण्यात अर्धा भाग उलटून गेल्यावर ब्राऊन सर्वांना गप्प करतो आणि ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड एकटा वाजवू लागतो. तो तुकडा पुढे शेकडो रॅप गाण्यांत वापरला गेला, आणि त्याचा म्हणावा तसा मोबदला स्टबलफील्डला कधी मिळाला नाही. हे संगीत प्रेमाने ऐकणाऱ्याने त्याचे नाव तरी लक्षात ठेवले पाहिजे.

ऐकताना हाताने मोजावे. चार ठोक्यांचे एक आवर्तन धरावे. पहिल्या ठोक्यावर खालचा जाड ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्यावर कडक आवाजाचा स्नेअर ड्रम असा साधा आराखडा सापडतो. ज्यांना केहरव्याच्या आठ मात्रा मोजायची सवय आहे, त्यांना हे मुळीच अवघड जाणार नाही. फक्त एक फरक जाणून घ्यावा. आपले कान समेवर टाळी द्यायला शिकलेले असतात, आणि इथे टाळी दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर पडते. ही टाळी अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये, कारण एमसीचे सारे कसब त्या दोन टाळ्यांच्या आगेमागे शब्द ठेवण्यात असते.

दुसरी पायरी : डीजेचे हात

हर्कची सुई अंदाजाने पडत असे. ग्रँडमास्टर फ्लॅश या दुसऱ्या ब्राँक्सवासी तरुणाने तबकडीवर रंगीत खडूने खुणा करून ब्रेक नेमका कुठे सुरू होतो हे निश्चित केले आणि ठेका न तुटता एका तबकडीवरून दुसरीवर जाणे शास्त्रशुद्ध केले. ग्रँड विझार्ड थिओडोर या त्याच्याहून लहान मुलाकडे स्क्रॅचचे, म्हणजे तबकडी हाताने मागेपुढे ओढून आवाज काढण्याच्या युक्तीचे श्रेय जाते. हे सारे एकाच जागी ऐकायचे असेल तर फ्लॅशचे १९८१ चे ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ लावावे. सुमारे सात मिनिटांचे हे ध्वनिमुद्रण टर्नटेबलांवर तबकड्या फिरवून केलेले आहे, आणि त्यात शीकचे ‘गुड टाइम्स’, क्वीनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’, ब्लाँडीचे ‘रॅप्चर’ आणि आपण आधी ऐकलेले ‘अपाची’ एकमेकांत शिरतात. ‘अपाची’ कानाला ओळखू आले, की पहिली पायरी नीट पार पडली असे समजावे.

तिसरी पायरी : पार्टीची गाणी आणि ‘द मेसेज’

आता रॅपकडे वळावे. १९७९ चे शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ हे अमेरिकाभर गाजलेले पहिले रॅप गाणे. त्याची मूळ आवृत्ती चौदा मिनिटांहून मोठी आहे आणि ती पूर्णच ऐकावी, कारण पार्टीत रॅप किती वेळ आणि किती सैलपणे चालत असे याची कल्पना रेडिओसाठी कापलेल्या आवृत्तीवरून येत नाही. त्याचा ठेका ‘गुड टाइम्स’चा आहे, तो स्टुडिओत वादकांकडून पुन्हा वाजवून घेतला होता. या गाण्याला एक दुखरी बाजूही आहे : बिग बँक हँक या गायकाने म्हटलेल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या एमसीच्या होत्या आणि कॅझचे नाव तबकडीवर आले नाही. हिपहॉपमध्ये दुसऱ्याची ओळ उचलणे हा मोठा अपराध मानतात, आणि या घराण्याचे पहिले गाजलेले गाणेच त्या अपराधातून जन्माला आले.

यानंतर फंकी फोर प्लस वनचे ‘दॅट्स द जॉइंट’ ऐकावे. त्यातली ‘प्लस वन’ म्हणजे शा-रॉक ही आद्य स्त्री एमसींपैकी एक. पाच जण एकमेकांच्या तोंडातले वाक्य उचलून पुढे नेतात, ती चपळाई नंतरच्या काळात जवळपास नाहीशी झाली. पुढे १९८२ च्या दोन गाण्यांनी दोन दिशा उघडल्या. आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्सच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये क्राफ्टवर्क या जर्मन वाद्यवृंदाच्या धुना आणि रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनचा खोल आवाज एकत्र आले. हे गाणे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणे व्यर्थ आहे, कारण त्याचा अर्धा जीव ज्या खालच्या सुरात आहे तो तिथे ऐकूच येत नाही. बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर मिळेपर्यंत ते राखून ठेवावे.

दुसरे ‘द मेसेज’. तबकडीवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्हचे असले तरी त्यात ऐकू येणारे मुख्य आवाज मेली मेल आणि ड्यूक बूटी यांचे आहेत. पार्टीचा उत्साह इथे पूर्ण मावळला आहे. फुटलेल्या काचा, जिन्यातली घाण, थकलेले हप्ते, नोकरी नसलेले शेजारी, आणि शेवटी तुरुंगात संपलेले एक तरुण आयुष्य : सत्तरच्या दशकात आगी लागून ओसाड पडलेला आणि द्रुतगती मार्गाने मधोमध चिरलेला ब्राँक्स या गाण्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल सरळ बोलला. ठेकाही मुद्दाम संथ ठेवलेला आहे. मला जुन्या काळातले एकच गाणे निवडायला सांगितले तर मी हेच निवडेन.

चौथी पायरी : यमक मोजणे

इथे थोडे थांबावे आणि कागद-पेन्सिल घ्यावी. प्रथम रन-डीएमसीचे ‘सकर एमसीज’ (१९८३) ऐकावे. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या हॉलिस वस्तीतल्या या त्रिकुटाने डिस्कोचे वादक, चकचकीत पोशाख आणि लाडिक सूर सारे बाजूला सारले. या गाण्यात ड्रम मशीन, थोडे स्क्रॅच आणि आवाज याखेरीज काही नाही. प्रत्येक ओळीचे यमक कुठे पडते ते मोजले तर ते बहुतेक वेळा चौथ्या ठोक्यावर, ओळीच्या अखेरीस सापडते. आपल्या आर्या-ओव्यांच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल.

मग एरिक बी. आणि रकीम यांचा १९८७ चा ‘पेड इन फुल’ हा अल्बम लावावा. रकीम लहानपणी सॅक्सोफोन वाजवत असे आणि जॅझ ऐकत वाढला होता. त्याची यमके ओळीच्या शेवटाची वाट पाहत नाहीत. ती ओळीच्या पोटात दोन-तीनदा येतात, एक वाक्य आवर्तनाची सीमा ओलांडून पुढच्या आवर्तनात संपते, आणि आवाज मात्र कधीच चढत नाही. अल्बमच्या नावाचे गाणे एकाच कडव्याचे आहे. ते कडवे कागदावर उतरवून जिथे जिथे ध्वनी जुळतो तिथे खूण करावी आणि शेजारी ‘सकर एमसीज’चे एक कडवे तशाच खुणांसह मांडावे. चार वर्षांत या कलेने केवढी मजल मारली, हे त्या दोन कागदांवर जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात दिसत नाही. (कोल्डकटने केलेली या गाण्याची दुसरी आवृत्ती, ज्यात ऑफ्रा हाझा या इस्रायली गायिकेचा आवाज मिसळला आहे, तीही सुंदर आहे, पण मोजायला मूळच घ्यावे.)

याच काळात एमसींचे सामने रंगात आले. एमसी शॅनने ‘द ब्रिज’ या गाण्यात आपल्या क्वीन्सब्रिज वस्तीची थोरवी गायली. ब्राँक्सच्या बूगी डाउन प्रॉडक्शन्सने, म्हणजे मुख्यतः केआरएस-वन याने, त्यात हिपहॉपचा जन्म क्वीन्समध्ये झाल्याचा दावा ऐकला आणि ‘साउथ ब्राँक्स’ने उत्तर दिले. शॅनने ‘किल दॅट नॉइज’ने प्रत्युत्तर केले आणि केआरएस-वनने ‘द ब्रिज इज ओव्हर’ने विषय संपवला. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर एकमेकांचे कूट सोडवून वर नवे कूट घालत, त्याच जिद्दीने ही चार गाणी रचलेली आहेत; ती लागोपाठ आणि याच क्रमाने ऐकावीत. त्याआधी, १९८४ मध्ये, क्वीन्सब्रिजच्याच चौदा वर्षांच्या रोक्सॅन शान्टेने ‘रोक्सॅन्स रिव्हेंज’ म्हणून यूटीएफओ या पुरुषांच्या गटाला दिलेले उत्तर अवश्य ऐकावे. त्या वयाच्या मुलीचा तो निर्भय, किंचित किनरा आवाज आजही अंगावर येतो.

पाचवी पायरी : सॅम्पलचा माग काढणे

१९८७ च्या सुमारास ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे यंत्र आले आणि तबकडीवरचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, उचलून त्याचे बारीक भाग करून पुन्हा वाजवणे सोपे झाले. त्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. म्हणून निर्माते मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगाने फिरवून आवाज साठवत आणि नंतर यंत्रात तो पुन्हा खाली आणत. त्या काळच्या गाण्यांचा खरखरीत, धुळीचा वास असलेला पोत बराचसा या काटकसरीतून आला आहे.

या पायरीवर एक सवय लावून घ्यावी : एक रॅप गाणे ऐकले की त्याच दिवशी त्याच्यामागचे एक गाणे पूर्ण ऐकायचे. पब्लिक एनिमीचे ‘रेबेल विदाउट अ पॉझ’ (१९८७) ऐकताना जी कर्कश किंकाळी सतत येत राहते, ती जेबीज या जेम्स ब्राऊनच्या वादकांच्या ‘द ग्रंट’मधली (१९७०) सॅक्सोफोनची आहे. पब्लिक एनिमीच्याच ‘फाइट द पॉवर’मध्ये (१९८९) स्टबलफील्डचे ड्रम ओळखू येतात का ते पाहावे. हे गाणे स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटासाठी झाले होते. मग डे ला सोलचा ‘थ्री फीट हाय अँड रायजिंग’ (१९८९) घ्यावा, ज्यात सॅम्पल इतकी विपुल आणि इतक्या अनपेक्षित ठिकाणांहून आलेली आहेत की त्यांच्या हक्कांचा गुंता सुटेपर्यंत हा अल्बम स्ट्रीमिंगवर येऊच शकला नाही. तो मार्च २०२३ मध्ये आला. गटातला ट्रुगॉय त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच, फेब्रुवारीत, वारला. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांच्या गाण्याच्या वापरावरून निकाल लागला आणि प्रत्येक तुकड्यासाठी आधी परवानगी घेणे कंपन्यांना भाग पडले. त्यामुळे १९८७ ते १९९१ या वर्षांतली दाट विणीची गाणी पुन्हा तशी होऊ शकली नाहीत.

आवृत्ती निवडताना

जुन्या गाण्यांचे स्वस्त संग्रह घेताना जपावे. मूळ गायकांनी पुष्कळ वर्षांनी पुन्हा गायलेल्या आवृत्त्या त्यांत मूळ नावानेच घातलेल्या असतात. कंपनीचे नाव आणि प्रकाशनवर्ष पाहावे. शंका आल्यास गाण्याची लांबी मूळ बारा इंची तबकडीच्या लांबीशी ताडून पाहावी. शिव्या गाळलेली आवृत्ती अनेकदा शब्दांबरोबर ठेकाही तोडते, म्हणून अभ्यासासाठी ती घेऊ नये.

शिव्यांचा विषय निघालाच आहे, तर एक स्पष्ट सांगितले पाहिजे. एनडब्ल्यूए या गटाच्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’पासून (१९८८) पुढे हिंसेची आणि स्त्रियांविषयी हीन भाषेची गाणी पुष्कळ आहेत. त्यातल्या पोलिसांविरुद्धच्या संतापामागे लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतला खरा अनुभव आहे, आणि तो एवढा झोंबला की १९८९ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने कंपनीला निषेधाचे पत्र पाठवले. मात्र स्त्रियांविषयीच्या भाषेचे समर्थन तेवढ्याने होत नाही. लहान मुलांसमोर ही गाणी लावू नयेत, आणि त्यांच्या जोडीला क्वीन लतीफा आणि मोनी लव्ह यांचे ‘लेडीज फर्स्ट’ (१९८९) आणि एमसी लाइटचा ‘लाइट अ‍ॅज अ रॉक’ (१९८८) ऐकावेत. वांशिक शिवीचा जो शब्द कृष्णवर्णीय गायक आपसांत वापरतात तो बाहेरच्याने, म्हणजे आपणही, गाण्याबरोबर म्हणू नये.

शब्द समजत नाहीत, ही नव्या श्रोत्यांची नेहमीची तक्रार असते. पहिल्यांदा गाणे शब्द न वाचता ऐकावे, दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून, आणि तिसऱ्यांदा पुन्हा कागद मिटवून. तिसऱ्या ऐकण्यात निम्म्याहून अधिक ओळी कळू लागतात. वस्त्यांची, रस्त्यांची, रेल्वेमार्गांची नावे आली की न्यूयॉर्कचा नकाशा उघडून ती शोधावीत. ही गाणी पत्त्यांची गाणी आहेत.

शेवटची पायरी : चित्रपट आणि मग ‘इलमॅटिक’

हे सगळे ऐकून झाल्यावर चार्ली अहर्न यांचा ‘वाइल्ड स्टाइल’ (१९८३) हा चित्रपट पाहावा. त्यात अभिनय बेताचाच आहे. पण ब्राँक्समधले खरे डीजे, एमसी, नाचणारे आणि चित्रे रंगवणारे त्यात आपापल्या जागी काम करताना दिसतात. त्याच वर्षीचा ‘स्टाइल वॉर्स’ हा माहितीपट ग्राफिटीसाठी तितकाच मोलाचा आहे.

त्यानंतर पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ यांचे १९९२ चे ‘दे रेमिनिस ओव्हर यू’ ऐकावे. ट्रबल टी-रॉय या अकाली गेलेल्या नर्तक मित्राच्या स्मरणार्थ ते रचले आहे, आणि कडव्यांत गायक आपल्या आईची, मामांची, घरातल्या माणसांची आठवण काढत जातो. त्याची करुण सॅक्सोफोनची धून टॉम स्कॉट यांच्या साठच्या दशकातल्या एका तबकडीवरून घेतली आहे. आणि अगदी अखेरीस नाझचा ‘इलमॅटिक’ (१९९४), पहिल्या सेकंदापासून, मध्ये न थांबता. नाझ वाढला तो एमसी शॅनच्याच क्वीन्सब्रिजमध्ये. अल्बमच्या सुरुवातीला रेल्वेगाडीच्या खडखडाटात जे संवाद ऐकू येतात ते ‘वाइल्ड स्टाइल’मधले आहेत. त्या चित्रपटाच्या वेळी नाझ दहा वर्षांचा होता, आणि विसाव्या वर्षी आपला पहिला अल्बम करताना त्याने प्रथम त्याचीच आठवण काढली. ज्यांनी चित्रपट आधी पाहिला असेल त्यांना तो आवाज कोणी सांगावा लागणार नाही.